बेंबी म्हसोबाले दाखव

ज्या माणसासाठी एक शब्द बोलायची वेळ आली तेव्हा मी बोललो नाही, त्याच्याविषयी आता पानभर लिहायला बसलो आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नव्हते, आणि लिहिण्याची सवय मलाही नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या नदीवर डोंगा चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे बेंबीआबा म्हणत. मोताळ्याच्या बाजाराला निघालेली माणसे, त्यांच्या पाट्या, कोंबड्या घेऊन तो पावसाळाभर नदी ओलांडायचा. पण त्याचे हात हलताना दिसत नसत. दोन्ही दंड लांब, सरळ. टाचा डोंग्याच्या लाकडाला रोवलेल्या, आणि कमरेवरचे धड ताक घुसळणाऱ्या रवीसारखे अर्धे इकडे, अर्धे तिकडे फिरायचे. बस्स, तेवढेच.

शनिवारी बुलढाण्याहून गावी येताना मी दुसरे वल्हे घेऊन बसू लागलो. धारेच्या वरच्या अंगाला म्हसोबाचा दगड होता, खालच्या अंगाला बाभूळ. आबा सांगायचा, "वल्हं पुढं टाकतानी बेंबी म्हसोबाले दाखव. ओढतानी बाभळीले." मी मात्र दंडांनीच ओढायचो. "काऊन बे, हातानं काऊन ओढून राह्यला? हात तं दोर हाय. बैल कमरेत बांधला हाय तुह्या!" डोंग्यातल्या बाया हसायच्या. एकदा एक म्हणाली, "आबा, कॉलेजवाल्याची बेंबी बुशकोटात हाय, म्हसोबाले कशी दिसंन?"

काठाला लागले की त्याचा प्रश्न ठरलेला: "कुठं थकलं?" मी हात दाखवायचो. "म्हंजे बाकीचं अंग फुकटात बसून आलं. थकवा साऱ्या अंगाले वाटून द्या लागते." ते जमायला मला अख्खा पावसाळा लागला.

पुढे नदीवर पूल झाला आणि डोंगा काठावर उपडा पडला. आबाला दुसरे काही येत नव्हते. त्याच सुमारास नव्या धरणाच्या कचेरीला नावाडी हवा असल्याचे कळले. अर्ज मी लिहिला. "तू बी चाल," आबा म्हणाला, "साहेबाची भाषा तुले येते."

धरणावर दोघांना वल्हवून दाखवायचे होते. दुसरा देऊळघाटचा गडी, विशीतला, दंड असे की साहेब बघतच राहिले. त्याने पाणी उडवत फेरी मारली आणि धापा टाकत उतरला. आबाने तीच फेरी तेवढ्याच वेळात मारली, पण त्याचा श्वासही वाढला नाही.

साहेब म्हणाले, "म्हातारा जोरच लावत नाही. वारा सुटल्यावर काय करणार हा?"

आबाने माझ्याकडे पाहिले. सांगायचे एवढेच होते, की साहेब, हातांकडे नको, बेंबीकडे बघा, जोर तिथे आहे. पण साहेबांपुढे 'बेंबी' म्हणायची मला लाज वाटली. मी बरा शब्द शोधत राहिलो. तो सापडेपर्यंत साहेबांनी त्या गड्याचे नाव लिहून घेतले होते.

"चाल, बस चुकंन," आबा म्हणाला. मी काहीच केले नव्हते, तरी त्या दिवशी फार थकलो होतो. त्याने विचारले असते तर कुठे थकलो ते सांगता आले नसते. त्यानंतर अभ्यासाचे निमित्त सांगून मी गावी जाणेच कमी केले.

परवा बुलढाण्याच्या मोटारस्टँडवर तो देऊळघाटचा गडी भेटला. त्यानेच मला ओळखले.

"दोन महिन्यांतच खांदा गेला होता माहा," तो म्हणाला. "आबाले कुठून समजलं काय माईत, पायी आले धरणावर. म्हणे, नोकरी तं भेटली तुले, आता वल्हवाले शीक. तिथं म्हसोबा कुठचा? तं म्हणे, बेंबी धरणाच्या भिंतीले दाखव." तो हसला, मग एकदम थांबला. "तुमाले कोणी सांगितलं नाई? आबा गेले. पोळ्याच्या आधीच. मी खाटेपाशी होतो. त्यायचंच त्यायले इचारलं, 'आबा, कुठं थकलं?' तं म्हणे, 'सारीकडं सारखंच. बराबर वल्हवलं बे म्या. आता काठाले लाव.'"