सरळ केलेले पत्रे

मिस्त्री पत्रा उचलायचे तो दोन्ही हातांनी, झोपलेलं लेकरू उचलावं तसा. कुणी एका हातानं ओढला की ओरडायचे, "आरं, लग्नातल्या पत्रावळ्या हायत का दणादणा टाकायला?"

धाराशिवजवळच्या आमच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होत. मी सुपरवायझर, डिप्लोमावाला. मिस्त्री तामलवाडीचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, शाळा चौथीपर्यंत. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पातळ पोलादी पत्र्यांची चळत असते, तिला कोअर म्हणतात. ती रचण्याचं काम त्यांचं. तुम्ही रस्त्यानं जाता तेव्हा खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची, डीपीची घूंऽ घूंऽ ऐकता ना, ती या पत्र्यांचीच. मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोअर कुणी रचलाय.

"पत्र्याला मारू नगा, वाकवू नगा. वरनं सरळ दिसंल, पर आतनं रुसतो त्यो."

"मिस्त्री, पत्रा काय तुमची सून आहे रुसायला?"

"सून परवडली साहेब. तिला माहेरी धाडता येतं."

त्यांचं खरंच होतं. वाकवून सरळ केलेल्या पत्र्यात ताण राहतो, आणि ताणलेला पत्रा चुंबकत्व नीट वाहू देत नाही. मग ट्रान्सफॉर्मर काही काम न करताही जास्त वीज खातो, जास्त गुरगुरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यांना ते बोटांनी माहीत होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो.

मिस्त्री अणदूरला खंडोबाला गेले होते. घाई होती म्हणून नव्या पत्र्यांची गाडी मी एकट्यानं ओढली. चाक फरशीच्या खाचेत अडकलं, निम्मी चळत घसरली आणि खालचे लांब पत्रे वाकले. तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. मी ते फळीखाली घातले, वर उभा राहिलो, सरळ केले आणि चळतीत मिसळून टाकले. डोळ्यांना काही कळत नव्हतं. महाग माल होता, मालक तापट होते. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

मिस्त्रींनी त्याच पत्र्यांचा कोअर रचला. तपासणीत नापास झाला. त्यांनी सगळा उकलून पुन्हा रचला, एकेक सांधा बोटांनी चाचपून. पुन्हा नापास. मालक चारचौघांत म्हणाले, "मिस्त्री, वय झालं तुमचं."  मिस्त्री माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "साहेब, तुमी शिकल्यालं. काय चुकलं आसंल माझं?"

मी म्हणालो, "बघू."

असे पत्रे भट्टीत तापवून हळूहळू थंड केले की ताण निघून जातो. तशी भट्टी आमच्याकडं होती. माझ्या एका वाक्याचं काम होतं.

मालकांनी त्यांना ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या रंगवायला बसवलं. महिनाभरानं ते आपणहून घरी गेले. जाताना म्हणाले, "हात जड झाला माझा. आता कामाचा न्हाय."

सांगायचं ठरवून मी एकदा तामलवाडीला गेलो. ओसरीवर बसलो. मिस्त्रींच्या बायकोनं, काकूंनी, चहा दिला. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्रीच म्हणाले, "बरं झालं मला टायमावर बाजूला केलं ते. न्हायतर एखाद्या गावाचा डीपी जाळला आसता म्या." मी चहा संपवला, पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो.

यंदा ते गेले. तेराव्यानंतर मी पुन्हा गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. घसरलेली चळत, फळी, माझं गप्प बसणं. त्या जोंधळे पाखडत होत्या. सूप थांबलं.

"म्हंजी हाताला काय झालं नव्हतं त्यांच्या?"

"नव्हतं, काकू. काहीच नव्हतं."

"दोन वर्सं त्यो मानूस भाकरी मोडताना बी हाताकडं बघायचा. लोकाची हिरीवरची मोटार नीट कराया बोलावलं तरी जायचा न्हाय, बिघडवीन म्हनायचा." त्यांनी सुपातले जोंधळे पाटीत ओतले. "ह्ये मला कशाला सांगताव आता?"

 त्यांनी सूप भिंतीला टेकवलं आणि आत गेल्या. मी ओसरीवर बराच वेळ बसून होतो. कुणी जा म्हणालं नाही.