निषेध ह्यांचा, नाव माझं

एका सकाळी ॲपवरची सगळी बटणं आपोआप कन्नडमध्ये दिसू लागली आणि आमच्या ह्यांचं डोकं तापलं. हे वकील. कोर्टात दिवसभर कन्नडमध्येच भांडतात, साक्षीदाराला असं घोळात घेतात की तो घाम पुसत खाली उतरतो. पण स्वतःच्या फोनवर कन्नड म्हणजे थेट मराठी अस्मितेवर घाला. सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलता येते, असं लेकीनं पुण्याहून सांगितलं. ती शरणागती होईल, असं ह्यांनी तिला सुनावलं. मग निषेधाची लांबलचक पोस्ट टाकून, तिच्यावर किती अंगठे पडतात ते जेवणापर्यंत बघत बसून, हे ॲपवरून बाहेर पडले. पाठोपाठ ह्यांचे मित्रही पडले. संध्याकाळी सगळ्यांचा विजयाचा चहा आमच्याकडे झाला. तो मीच केला.

निषेध कडकडीत होता. फक्त कोर्टातून आल्यावर 'जरा तुझा फोन बघू' सुरू झालं. आधी हवामान बघायला, मग कुणाचं लग्न ठरलं ते बघायला. माझे हात पिठात असायचे, फोन ह्यांच्या हातात. नुसतं वाचून भागेना तेव्हा हे लिहायला लागले, माझ्या नावानं. मला ते कळलं भाजीबाजारात. सीमाप्रश्नावर लई सडेतोड लिहिता हो तुम्ही, म्हणून एका ओळखीच्या बाईनं मला शाबासकी दिली. घरी येऊन विचारलं तर हे म्हणाले, निषेध त्याच्या जागी, पण समाजाशी संपर्क तुटून कसं चालेल? मी हसून सोडून दिलं.

माझी एक मैत्रीण आहे, इथल्या शहरातल्याच जुन्या अनगोळची. मी गुंजीहून, खेड्यातून, इथल्या कॉलेजात आले तेव्हा अख्ख्या वर्गात तिनंच मला शेजारी बसवून घेतलं होतं. तिचा नवरा ह्यांच्याबरोबर निषेधात बाहेर पडला. तिनं मात्र मुकाट्यानं सेटिंग बदललं आणि तिथंच राहिली. म्हणून ह्यांनी माझ्या नावानं, सगळ्यांदेखत, तिला घरभेदी म्हटलं. खाली तिच्या नावानं उत्तर आलं, की गुंजीची पोरगी शहरात येऊन शहाणी झाली, पण अंगाचा शेणाचा वास काही गेला नाही. मला वाटलं, तिच्याही नवऱ्यानं फोन घेतलेला दिसतोय. दोघे पुढारी आपापल्या बायकांच्या पदराआडून एकमेकांना दगड मारतायत.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे होतं. मला कुंकू लावताना तिनं वर बघितलं नाही आणि अत्तर लावायचं टाळून ती पुढच्या बाईकडे वळली. मला ते फार लागलं. बायका गेल्यावर स्वयंपाकघरात तिला गाठून मी सगळं सांगून टाकलं. तुझ्याकडंही तसंच झालेलं दिसतंय की, असं म्हणून हसलेसुद्धा, तीही हसेल या आशेनं.

ती वाणाच्या उरलेल्या डब्या पिशवीत भरत होती.

"तुझं त्येंनी लिहिलं असंल," ती म्हणाली. "माझं मी लिहिलं."

रडू आलं ते घरी पोचल्यावर. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसत होते आणि तिला वास येत होता.

त्याच दिवशी मी माझं खातं बंद करून टाकलं. पोस्ट लिहिली नाही, कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी ह्यांनी सवयीनं फोन घेतला, बराच वेळ खालीवर केला आणि मग विचारलं, "अगं, आता मी बघू कशावर?" मी का गेले, हे काही विचारलं नाही.

जेवणाच्या आत हे ॲपवर परत हजर होते, 'मित्रांच्या आग्रहास्तव'. आग्रह केव्हा झाला कुणास ठाऊक. स्वागताच्या प्रतिक्रिया मला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. पहिलीच तिच्या नावानं होती, 'स्वागत, भावोजी'. ती खरंच तिनंच लिहिलीय का, असं मी विचारलं.

हे चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "नाव तिचंच दिसतंय की. दुसरं कोण लिहिणार?"