उतार सौम्य हवा

घोडपदेवच्या चाळीत कोणी नवा भाडेकरू आला की त्याला हमखास वाटतं, रघुवीरमामाचा पूर्वी बर्फाचा धंदा असावा. सगळे त्याला बर्फवाला म्हणतात ना. मग कोणीतरी त्या माणसाला मामाच्या खोलीत नेतं आणि पोटमाळ्यावर आडव्या ठेवलेल्या दोन लांब लाकडी फळ्या दाखवतं. या पायाला बांधून मामा हिमालयात घसरायचा, असं सांगितलं की नवा भाडेकरू मामाकडे वरपासून खालपर्यंत बघतो. मामा लुंगीवर बसलेला असतो, बोंबील निवडत. विश्वास बसण्यासारखं त्यात काही नसतं.

मी त्याची भाची, मेघना. तो ज्या गिरणीत फिटर होता, तिच्या जागेवर आता जो टॉवर आहे, त्यात माझं ऑफिस आहे. गिरणी चालू असताना मामा दोस्तांच्या नादाने गिर्यारोहण क्लबात शिरला आणि क्लबाने त्याला गुलमर्गला स्कीइंग शिकायला धाडलं. तोवर त्याने बर्फ पाहिला होता तो फक्त मासळीवर. सुरुवातीला नुसता आपटत होता, म्हणायचा. मग एका सकाळी पाय आपोआप वळले आणि तो खालपर्यंत उभाच्या उभा आला. त्या सकाळबद्दल तो इतक्या वेळा बोललाय की आम्हा सगळ्यांना ती पाठ आहे.

त्यानंतर दर हिवाळ्यात रजा साठवून पळायचा. संप झाला, गिरणी गेली, मामा एका इस्पितळात लिफ्टमन म्हणून लागला, तरी क्लबाच्या पोरांना घेऊन अधूनमधून जायचाच. सुभद्रामामी चिडायची. लग्न माणसाशी केलं की डोंगराशी, असं विचारायची. पण फळ्यांना मेणबत्ती घासायला तीच मदत करायची. मामी गेली आणि मामाचं जाणंही थांबलं.

दोन वर्षांपूर्वी त्याचा डावा हात थरथरायला लागला. कंपवात. गोळ्या सुरू झाल्या, पण पाय जड होत चालले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की त्यांना काही करायचं असेल तर या हिवाळ्यात करू द्या, पुढच्या हिवाळ्याचं मला विचारू नका. हे मी मामाला सांगितलं नव्हतं. त्याला कळलंच होतं. गॅलरीत कठड्याला धरून उभा असताना तो मला म्हणाला, "मेघे, माका एकदाच घसरूक व्हया. उतार सौम्य बघ. गर्दी नको, कोणी अंगावर इलो तर माका बाजूक होवक जमाचा नाय."

मग मी शोधायला बसले. माणसाला एवढी साधी गोष्ट हवी असते आणि जगात तीच नेमकी नसते, याचा मला तेव्हा फार संताप आला. गुलमर्गला माणसांचा पूर. औलीचा रोपवे बंद. सोलंगला पॅराशूटवाले, घोडेवाले, ट्यूबवरून किंचाळत येणारी कुटुंबं. परदेशाचं नाव काढलं तर मामा हसला. शेवटी क्लबातल्या एका जुन्या माणसाने हिमाचलमधलं एक गाव सुचवलं. सफरचंदाच्या बागांच्या वर एक बुटका, रुंद उतार, खाली एक हॉटेल, आणि शिकवणारा एकच. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, जागा अंकलसाठीच बनलीय, पण उंची कमी आहे, बर्फ टिकत नाही. "फरवरी के पहले हफ़्ते में आइए. मार्च में मत आना मॅडम, मार्च में यहाँ घास होती है."

फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरला. मी, मामा आणि त्याचा मुलगा वैभव. मामाने गॅलरीत सराव सुरू केला. कठडा धरून गुडघे वाकवायचे, वजन इकडे, वजन तिकडे. चाळीतली पोरं मागे उभी राहून नक्कल करायची आणि मामा त्यांनाही शिकवायचा. त्या महिन्यात तो इतका खूश होता की मला भीती वाटत होती.

आमच्या गावच्या देवीची जत्रा कॅलेंडरात नसते. देवीला कौल लावतात. पाषाणाला पाकळ्या चिकटवून विचारायचं, उजवी पडली की होकार, आणि मग गावातून मुंबईला फोन येतो. त्या वर्षी फोन आला आणि तारीख निघाली ती नेमकी आमच्याच आठवड्यातली. पहिल्या नारळाचा मान मामाच्या घराण्याकडे आहे. घरातला वडीलधारा नारळ धरतो.

मी वैभवला म्हटलं, यंदा तू धर. तुझ्या बाबांना पुढचं वर्ष नाही. तो पोरगा वाईट नाही, बापाची औषधं वेळेवर तोच देतो. पण त्याने मान हलवली. "बाबा असताना मी नारळ धरला तर गावात काय म्हणतील? बाबा गेले समजतील. आणि देवीला काय सांगू, ते बर्फात खेळायला गेलेत?" मी म्हटलं, हो, तेच सांग. मामा पलंगावर बसून वैभवकडे बघत होता. शेवटी म्हणाला, जातंय जत्रेक.

जत्रा उरकून लगेच जाऊ, असं मी म्हणून पाहिलं, तर वैभवची रजा जत्रेतच संपणार होती. मी एकटी नेते म्हटलं, तर वाटेत काही झालं तर जबाबदार कोण, हा त्याचा प्रश्न. वैभवला पुढची रजा मार्चातच मिळणार होती. हॉटेल मार्चवर ढकललं.

जत्रेत मामा नारळ घेऊन देवळासमोर उभा राहिला. हात असे थरथरत होते की नारळ निसटणार, म्हणून वैभवने पुढे होऊन खालून दोन्ही हातांनी तो धरला. म्हणजे शेवटी नारळ वैभवनेच धरला. सगळ्या गावासमोर, आणि कोणीही काही म्हटलं नाही. त्याच दुपारी माझ्या फोनवर शिकवणाऱ्याचा व्हिडिओ आला. उतार पांढराशुभ्र, वर कोणी नाही, बर्फ पडतोय. मी तो मामाला दाखवायला नको होता, पण त्याने फोन हातातून घेतला. परत परत बघितला आणि मला दिला.

मार्चमध्ये तिथे घास होती. शिकवणाऱ्याने आधीच सांगितलं होतं, तरी तो बिचारा माफी मागत होता. देवदारांच्या सावलीत आमच्या खोलीएवढा एक मळका तुकडा उरला होता. मामाने फळ्या बांधून घेतल्या. आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, मग त्याच्या सांगण्यावरून सोडलं. त्याने गुडघे वाकवले. स्वतःच्या उंचीएवढा पुढे सरकला असेल, आणि फळ्या गवताला लागून थांबल्या. तो तसाच वाकून उभा राहिला, अजून उतार यायचा असल्यासारखा. मग म्हणाला, काढा.

वैभवने मात्र फोटो काढला होता. त्यात गवत दिसत नव्हतं. आम्ही परतलो तोवर चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता, मामा बर्फात उभा, वर अभिनंदन. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. इच्छा पूर्ण झाली हो, असं जो तो म्हणत होता आणि मामा प्रत्येकाला होय म्हणत होता. मला त्या फ्लेक्सला काडी लावावीशी वाटत होती.

पावसाळ्यानंतर त्याचे पाय गेले. आता तो पलंगावर असतो. चमच्याने भरवावं लागतं. बोलणंही पुटपुटल्यासारखं, कान जवळ न्यावा लागतो. फळ्या अजून पोटमाळ्यावर आहेत, आडवा झाला की त्याला सरळ दिसतात.

डिसेंबरात मी मामाकडे गेले होते तेव्हाच गावातून फोन आला. वैभव त्याला पेज भरवत होता. त्याने स्पीकर लावला. यंदा देवीने उशिराचा कौल दिला होता, जत्रा मार्चात. नारळ कोण धरणार, असं पलीकडून विचारलं, आणि वैभव सहज म्हणून गेला की मीच धरतो, बाबांना आता जमत नाही.

फोन ठेवल्यावर मामाचे ओठ हलले. वैभवला ऐकू आलं नाही, म्हणून तो वाकला.

"म्हणजे यंदा," मामा म्हणाला, "फेब्रुवारी मोकळो."

वैभवने चमचा परत वाटीत ठेवला. मी पदर पुढे केला आणि मामाच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पुसली.