वीब्रनच्या खिडकीतली चिलटं

वीब्रन हुकस्ट्राने सदतीस वर्षं गावच्या कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला. एकही होडी वहीत नोंदल्याशिवाय त्याने पुढे जाऊ दिली नाही. पुढे पूल विजेवर आपोआप उघडू लागला, वीब्रन घरी बसला, पण वही काही सुटली नाही. त्याला शिंक आली तरी तो वेळ लिहून ठेवतो, असं शेजारी म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं.

रस्त्याकडच्या खिडकीत अकरा कुंड्या होत्या. त्या बायकोच्या, टेट्स्केच्या. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मधोमध होती तिच्या आईकडून आलेली जुनी क्लिव्हिया, नारिंगी फुलांची. ती टेट्स्के गेल्यापासून फुललेली नव्हती.

जानेवारीत वीब्रनच्या वाढदिवसाला नेहमीची माणसं नेहमीसारखी खुर्च्यांचं रिंगण करून बसली. त्यात टेट्स्केची थोरली बहीण रिक्स्ट होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण वारा असो, बर्फ असो, सायकलवरूनच येणार. तिने केकचा तुकडा डोळ्यांजवळ धरला.

"वीब्रन, क्रीमवर मनुका लावतोस का रे हल्ली?"

"नाही बुवा."

"मग ही चालतेय कशी?"

मनुका उडाली आणि शेजारणीच्या कॉफीत पडली. खिडकीतून तिच्या आणखी चारपाच बहिणी आल्या. रिक्स्टने जाऊन क्लिव्हियाची कुंडी जराशी हलवली, तर मातीतून चिलटांचा ढगच उठला.

"आईचं झाड आहे हे," ती म्हणाली. "कुजवायला दिलेलं नाही तुला. तीन आठवडे देते. तेवढ्यात चिलटं गेली नाहीत, तर क्लिव्हिया माझ्या घरी."

सगळ्यांनी मान खाली घालून कॉफी ढवळली. पाहुणे गेल्यावर वीब्रन बराच वेळ त्या झाडापुढे उभा राहिला. टेट्स्के रोज सकाळी त्याची पानं ओल्या फडक्याने पुसायची. ते झाड गेलं, की खिडकीच्या मधोमध नुसती गोल खूण उरणार होती.

दुसऱ्याच दिवशी तो रोपवाटिकेत गेला. तिथल्या बाईने समजावलं, "आजोबा, अळ्या असतात वरच्या ओल्या मातीत. पाणी बंद करा, वर कोरडी वाळू पसरा. उडणाऱ्यांसाठी हे पिवळे चिकट कागद."

वीब्रनने सांगितलं तसं केलं, म्हणजे जरा जास्तच केलं. पूर्वी होडीवाल्यांकडून पुलाचे पैसे घ्यायला तो गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून पुढे करायचा. तीच काठी माळ्यावरून काढून त्याने खिडकीवर आडवी बसवली आणि दोऱ्यांनी कागद टांगले. वहीत नवं पान सुरू झालं: 'मंगळवार. वर कागदाला एक्केचाळीस. खाली मातीत किती, कळायला मार्ग नाही.'

दोन आठवड्यांत दहा कुंड्या स्वच्छ झाल्या. क्लिव्हियाची मात्र वाळूसुद्धा तपकिरी पडली आणि चिलटं होती तशीच. "तुझं माझं काय वाकडं आहे?" वीब्रनने तिला विचारलंही.

तीन आठवडे भरले त्या दिवशी रिक्स्ट अकराला येणार होती. पण वाऱ्याने पाठीवरून ढकललं, म्हणून दहालाच पोचली. त्या गावात खिडक्यांना पडदे नसतातच म्हणा. तिला रस्त्यावरूनच दिसलं, वीब्रनने दोन कप कॉफी ओतली. एक कप तसाच काळा ठेवला. दुसऱ्यात दूध घातलं, दोन चमचे साखर घातली, नीट ढवळली आणि तो अख्खा कप क्लिव्हियाच्या बुंध्याशी हलकेच रिता केला.

रिक्स्टने काचेवर अशी थाप मारली, की वीब्रनच्या हातातून चमचाच पडला.

"फोनवर काय सांगितलंस मला? पाण्याचा थेंब दिला नाही म्हणे!" ती दारातूनच ओरडली.

"नाहीच दिला. वहीत बघ."

"आणि हे काय होतं?"

"कॉफी," वीब्रन म्हणाला. "रोज एक कप उरते. ती काय मोरीत ओतायची?"

कॉफी मोरीत ओतणारं माणूस त्या गावात अजून जन्मलेलं नव्हतं.

"मग एकच कप कर."

"एका कपाची ते यंत्र पाणचट करतं."

"बरं, उरते म्हण. पण तू तर काळी पितोस. मग ही दूध-साखर कुणाला?"

वीब्रनने वाकून चमचा उचलला आणि उगाच पुसत बसला.

"दोन चमचे," तो म्हणाला. "टेट्स्के दोन घ्यायची."

रिक्स्टने कोट काढला, घडी केली, पुन्हा उलगडला. "डॉक्टरांनी तिला अर्धाच सांगितला होता," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

मग ती बाह्या सरसावून कामाला लागली. वरची चार बोटं माती तिने खरवडून काढली. आंबलेली, पांढरी बुरशी धरलेली, अळ्यांनी वळवळणारी. तिथे नवी कोरडी माती भरली, वर नवी वाळू पसरली. हात धुऊन कोट चढवला.

"नेतेस ना?" वीब्रनने विचारलं.

"माझ्या खिडकीत जागा कुठे आहे?" रिक्स्ट म्हणाली. आदल्याच दिवशी तिने दोन कुंड्या हलवून जागा केली होती, ते तिने सांगितलं नाही. "पण तो दुसरा कप आजपासून झाडाला नाही. मी येत जाईन दहाला. आणि मला साखर नको, सांगून ठेवते."

तशी ती रोज येऊ लागली. वीब्रन डब्यातून एकच बिस्कीट देतो आणि झाकण लावतो. त्यावरून ती रोज बोलते, तो रोज ऐकतो. फेब्रुवारी सरता सरता कागदावर नवं चिलट लागेनासं झालं. मार्चमध्ये पानांच्या मधून एक जाड, फिकट दांडा वर आला.

तो दांडा वहीत नोंदला का, हे बघायला रिक्स्टने पान उलटलं. नोंद होती. तिच्याखाली आणखी एक होती: 'दहा वाजून बारा. रिक्स्ट आत.' आणि त्या दोन्हींच्या वर तिच्या येण्याची कालची, परवाची, सगळ्या दिवसांची.

"अरे, मी काय होडी आहे?"

"छे," वीब्रन बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावत म्हणाला, "होड्या वेळेवर यायच्या."