एका दाताचा फरक

एरंडोलला धरणगाव रस्त्याच्या कडेला निंबा मिस्त्रीचं गॅरेज आहे. पाटीवर अजून ‘निंबा-रुपचंद’ असं दोघांचं नाव आहे. पण रुपचंद दिवाळीनंतर गुडघ्यांपायी मुलाकडे वापीला गेला, आणि अठ्ठावीस वर्षं दोघांनी मिळून केलेलं काम निंबाच्या एकट्याच्या अंगावर पडलं. घरीही कोणी नव्हतं. बायको यशोदाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नंदुरबारला सासरी होती. गिऱ्हाईक आलं नाही, तर दिवसभरात निंबाच्या तोंडून चार शब्द निघत नसत.

जानेवारीतल्या एका सकाळी दिपमाला मॅडम त्यांची जुनी पेट्रोल गाडी घेऊन आल्या. त्या जवळच्या खेड्यात शाळेवर शिकवत. तीन आठवड्यांपूर्वी निंबानंच त्यांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून दिला होता.

“नाना, गाडी ओढतच नाही हो. सकाळी चार-चार सेल्फ मारावे लागतात. दुसरीकडे दाखवली, तर म्हणाले इंजिनाचं हेड उतरवावं लागेल.”

“बसा मॅडम. आधी मला पाहू द्या.”

मॅडम बाकावर बसल्या नि पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून तपासू लागल्या. निंबानं गाडी सुरू करून आवाज ऐकला. इंजिन अडखळत होतं. त्यानं लगेच बंद केलं, प्लग काढले, बेल्टवरचं झाकण उतरवलं. खाली क्रँक, वर कॅमशाफ्ट, आणि दोघांना बांधणारा तो दातेरी पट्टा. खालची खूण जागेवर आली, की वरचीही तिच्या जागेवर यायला हवी. नाहीतर व्हॉल्व्ह अवेळी उघडतात नि इंजिनाचा दम जातो. निंबानं क्रँकच्या बोल्टला पाना लावून हळूहळू फिरवलं. खालची खूण बरोबर बसली. वरची एक दात मागे होती.

एकच दात. निंबा बराच वेळ वाकून त्या खुणेकडे बघत राहिला.

त्याला तो दिवस आठवला. बेल्ट चढवून झाल्यावर सवयीनं तो म्हणाला होता, “रुपा, फिरव.” नवा बेल्ट चढवला, की एकानं हातानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यायचे आणि दुसऱ्यानं खुणा पुन्हा पाहायच्या, हा त्याचा नि रुपचंदचा शिरस्ता. पण त्या दिवशी बॉनेटपलीकडे कोणी नव्हतं. त्यानं फेरे न देताच झाकण लावलं. गाडी सुरू झाली, म्हणून हात धुतले.

आत्ता बेल्ट नीट बसवून काहीतरी थाप मारता आली असती. मॅडमची मान वह्यांत होती. निंबा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मॅडम, हेडला काही झालं नाही. माझ्याकडूनच बेल्ट एक दात चुकला. पुन्हा तपासायचं, ते मी तपासलं नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवला. “नाना, रोज अंधार पडायच्या सुमारास एकटी येते मी त्या रस्त्यानं. मध्येच बंद पडली असती तर?”

“हो,” निंबा म्हणाला.

त्यानं टेन्शनर ढिला करून पट्टा उतरवला, वरची पुली खुणेवर आणली, पट्टा पुन्हा चढवून ताण दिला. मग थोडा अडखळत म्हणाला, “जरा इथं उभ्या राहता का? मी खालून फिरवतो. वरची खूण रेघेसमोर आली की सांगा.”

मॅडम उठल्या. त्यानं दोन फेरे दिले.

“आली. अगदी समोरासमोर.”

कित्येक आठवड्यांनी बॉनेटच्या पलीकडून कोणाचा तरी आवाज आला होता. निंबानं पाना काढून तोंड फिरवलं, उगीच फडक्याला हात पुसत राहिला. प्लग नि झाकण बसवल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मॅडम “येते” एवढंच बोलून निघाल्या. त्या पुन्हा येतील की नाही, ते त्याला कळलं नाही.

दुपारी त्यानं वापीला फोन लावून सगळं सांगितलं.

“माले सांगाले लाजनास का?” रुपचंद म्हणाला. “पुढल्या टायमाले व्हिडिओ कॉल लाव. मी देखसू.”

आठवड्यानं तसंच बेल्टचं काम आलं. निंबानं ग्रीसच्या डबीला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर रुपचंदचा चेहरा, मागे नातवंडांचा गलका.

“फिरव,” रुपचंद म्हणाला. निंबानं फेरे दिले. दोन्ही खुणा जागेवर आल्या. “बठ्ठं बरोबर शे.”

निंबाला अजून काही बोलायचं होतं. गुडघे कसे आहेत, तिकडे करमतं का. तेवढ्यात मागून सुनेनं जेवायला हाक मारली. “ठेवस रे,” म्हणत रुपचंद उठला नि पडदा काळा झाला.

निंबानं झाकण बसवलं, बोल्ट एकेक करून आवळले. मग डबा उघडून तिथंच बाकावर जेवायला बसला.