तलवारीची मूठ

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — आताच का, ते मलाही ठाऊक नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बहारीनच्या गोदीत मी फिटर होतो, मार्को आमचा इंजिनिअर. पासपोर्ट युगोस्लावियाचा, पण स्वतःला क्रोएट म्हणवायचा. जेवणाच्या सुट्टीत घराण्याच्या गोष्टी सांगायचा — पिढ्यान्‌पिढ्या ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या फौजेत, तुर्कांच्या सरहद्दीवर, पणजोबा जनरल. पुढे कम्युनिस्ट आले, गढी गेली, बापाने आडनावही बदललं. ‘‘आमच्या लोकांसमोर हे बोलू नकोस,’’ असं मला बजावायचा.

मला वाटायचं, थापा मारतोय. का वाटायचं? कारण मी मारल्या होत्या! ‘आम्हीही सरदार, पेशव्यांचे,’ असं मी त्याला ठोकून दिलं होतं. आमच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या आंब्यांची राखण केली. मार्कोने सहज विचारलं, ‘‘कुठल्या लढाईत होते?’’ माझं ततपप झालं. तो हसला. ओळखलं होतं का त्याने? त्या हसण्याने माझी झोप उडाली.

खंडेनवमीला माहूज भागातल्या आमच्या खोलीत आम्ही पाने-हातोडे पुजायचो. मार्कोला बोलावलं. त्याने रुमालात गुंडाळून तलवारीची मूठ आणली — नुसती मूठ. पातं आजीने भीतीपोटी विहिरीत टाकलेलं. मुठीवर घराण्याचं चिन्ह, ससाणा, कोरलेला. पाटावर ठेवून त्याने आमच्यासारखेच हात जोडले. दसरा झाला की नेतो, म्हणाला.

तो गेल्यावर मी ती उलटसुलट करून पाहिली. मनामाच्या बाजारात जुनं पितळ काय कमी मिळायचं?

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरकडे गेलो. तोही युगोस्लाव, तिकडच्या कम्युनिस्ट पक्षाचा माणूस — हे सगळ्या गोदीला माहीत होतं. मलाही होतं. मी त्याला मुठीबद्दल सांगितलं, ससाण्याबद्दल सांगितलं, घराण्याचं जुनं नाव सांगितलं. विचारलं, मार्को म्हणतो ते खरं का? नुसती खात्री करायची होती, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तो खोटा निघायला हवा होता.

तो खोटा नव्हता. चार दिवसांत त्याचा पासपोर्ट काढून घेतला, परतीचं तिकीट हातात दिलं. जाण्याआधी रुमालात गुंडाळलेली मूठ घेऊन तो माझ्याकडे आला.

‘‘कुणीतरी बोललंय. माझ्या सामानात ही सापडली तर मी खलास. तू ठेव,’’ तो म्हणाला. ‘‘तूही सरदारांचा. तू जपशील.’’

मी म्हणालो, ‘‘परत येशील, इंशाल्ला.’’ — आणि त्याला मिठी मारली.

तो परत आला नाही. त्याचं पुढे काय झालं, मी कधी चौकशी केली नाही.

मूठ मी जपली आहे. दर खंडेनवमीला पाटावर असते. नातवंडं मित्रांना बोलावून दाखवतात, ‘‘अवर फॅमिली सोर्ड.’’ त्यांना तसं मीच सांगितलंय.