उडत्या हवालदाराचा पेंटर

त्या रविवारी दुपारी मी उडत होतो. दोन रिकाम्या पिंपांवर फळी टाकलेली, फळीवर मी पालथा, एक हात पुढं, मूठ आवळलेली, पाठीवर घोंगडी. घोंगडीचं टोक धरून माझी बायको ती वर-खाली हलवत होती. तो वारा. समोर मांडीवर पुठ्ठा घेऊन पेंटर बसलेला.

"हात ताठ कर, पैलवान. उडतोयस की भीक मागतोयस?"

"भावजी, आटपा," ही म्हणाली. "माझे खांदे भरून आले. एकदा ह्यांना खरंच उडवून द्या, म्हणजे मी सुटले."

"वहिनी, हा उडला तर परत तुमच्याच पत्र्यावर येऊन आदळणार. पत्रा कोण बदलणार?"

दर रविवारी आमचं हे असंच चालायचं. अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडं आमची चाळ. मी काडेपेटीच्या कारखान्यात. पेंटर शेजारच्या खोलीत, एकटा. दिवसा तो उल्हासनगरच्या कॅम्पात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. निर्वासित लोक नवीन वसलेले, रोज कुणाचं तरी दुकान उघडायचं, पाट्यांना तोटा नव्हता. पण त्याचा जीव होता आठवड्याच्या एका पानात. मुलांच्या साप्ताहिकात 'उडता हवालदार' यायचा, तो पेंटर काढायचा. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, अक्षरंही त्याचीच. कितीतरी वर्षं, एक आठवडा चुकला नाही. लहानपणी ज्यांनी वाचला त्यांना हवालदार आठवत असेल. पेंटर आठवणार नाही, कारण तो कुणी सांगितलाच नाही. आता माझी ही पण गेली. त्या फळीचं माहीत असलेला मी एकटा उरलो, म्हणून लिहितो.

हवालदार घोंगडी पांघरून उडतो ही कल्पना पेंटरचीच. संपादकानं त्याला एक परदेशी रंगीत पुस्तक दाखवलं होतं, की असला माणूस काढा. पेंटर घरी येऊन म्हणाला, "गळ्यात फडकं बांधून हवेत चाललाय. मला तर न्हाव्याच्या खुर्चीतनं पळालेलं गिऱ्हाईक वाटलं." मग त्यानं माझी घोंगडी मागितली. आमच्याकडं आभाळातनं कोणी यायचा तर घोंगडी घेऊनच येईल, असं त्याचं म्हणणं. ते मला पटलं. अंग माझं घेतलं, मिशा माझ्या घेतल्या, चेहरा मात्र घेतला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुझ्या तोंडावर कायम भूक दिसते. हवालदार जेवून निघालेला पाहिजे."

चोरांचे चेहरे मात्र तो आजूबाजूचेच घ्यायचा. एकदा आमच्या कारखान्याच्या मुकादमालाच त्यानं सोनं पळवणारा दरोडेखोर केलं. तेच टक्कल, तोच लोंबता ओठ. माझी तर पाचावर धारण बसली. मुकादमाचा पोरगा तो अंक घेऊन कारखान्याच्या दारात आला. मुकादमानं पान नीट पाहिलं आणि मला म्हणाला, "हा दरोडेखोर बघ. माझा साडू आहे ना कर्जतचा, डिट्टो तो." पेंटरला सांगितलं तर तो खूश होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "माणूस स्वतःला कधी ओळखत नाही, पैलवान. म्हणून तर आपलं पोट चालतंय."

एक गोष्ट मात्र त्याच्या मनात सलत होती. पान पुरं झालं की तो ब्रश धुऊन आणायचा आणि सगळ्यांत बारीक ब्रशानं खालच्या कोपऱ्यात नाव घालायचा. वामन घाग. मुंगीएवढं. मग पान घेऊन कॅम्पात ब्लॉकवाल्याकडं. हा ब्लॉकवाला सिंधी माणूस, सगळे त्याला साईं म्हणायचे. चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून तो पत्रा तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालायचा, त्याचा ब्लॉक बनायचा, आणि ब्लॉकवर जे असेल तेच कागदावर छापून यायचं. तर हा साईं दर आठवड्याला ब्लॉकवरनं पेंटरचं नाव खरवडून काढायचा. संपादकाचा हुकूमच तसा. म्हणे, मुलांना हवालदार खरा वाटला पाहिजे, खाली पेंटरचं नाव दिसलं की तो कागदाचा होतो. साईं खरवडायचा आणि पेंटर समोर बसून त्याचाच चहा प्यायचा.

मी एकदा चिडून म्हटलं, "खरवडणारच आहेत तर घालता कशाला?"

"मी घालायचं, त्यानं काढायचं. मी घातलंच नाही तर त्याला वाटेल, आपण काही काढतच नाही."

बदलापूरची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. तिथं एका पिठाच्या गिरणीची पाटी रंगवायची होती, मी शिडी धरायला गेलो होतो. स्टेशनबाहेर चहा प्यायला बसलो तर हॉटेलच्या भिंतीवर हवालदारच हवालदार. हॉटेलवाल्यानं अंकातली पानं कापून खळीनं चिकटवली होती. पेंटरचा चेहरा उजळला. मी त्याला इतकं हरखलेलं कधी पाहिलं नव्हतं. न राहवून तो म्हणाला, "मालक, हा मी काढतो."

हॉटेलवाला हसला. "असं? मग मी पण गव्हर्नर आहे, पगार पुरत नाही म्हणून चहा विकतो." गिऱ्हाईकंही हसली. शेगडीतला कोळसा पुढं करून तो म्हणाला, "काढा की, ही भिंत मोकळीच आहे."

पेंटरनं काढला. एका दमात काढला, घोंगडीसकट. हॉटेलवाल्यानं मान वाकडी करून एकदा कोळशाच्या हवालदाराकडं पाहिलं, एकदा कागदाच्या. मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "बरा आहे हो. पण ह्याच्यासारखा हात नाही तुमचा. मेहनत करा, येईल."

माझं डोकं सणकलं. मी उठलोच होतो, पण पेंटरनं माझा दंड धरला. बाहेर आल्यावर तो हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "एकदा नाव छापून यावं रे. एकदाच. त्या भिंतीवर चिकटवण्यापुरतं."

तर तो रविवार. पान झालं, मी फळीवरनं उतरलो. पेंटरनं पान वाळायला दोरीवर लावलं आणि ब्रश गोळा केले. "चहा टाका, वहिनी. ब्रश धुऊन आलोच."

चहा झाला. निवला. मी चाळीमागच्या विहिरीवर गेलो. तो कठड्याला टेकून बसलेला, ब्रश हातात, बालदीतलं पाणी काळं. मी म्हटलं, "पेंटर, चहाचं पाणी झालं की हो." बोलला नाही. खांद्याला हात लावला तर कलला माझ्या अंगावर.

मी ओरडलो नाही. मी काय केलं, तर बालदीतलं काळं पाणी ओतून दिलं आणि विहिरीतनं नवीन काढलं, आणि ते ब्रश धुतले. एक एक. मग ही आली आणि तिनं किंकाळी फोडली, तेव्हा मला कळलं. दिवस मावळायच्या आत मंदिरामागं वालधुनीच्या काठी नेलं. भाऊ त्याचा कोकणात, तार जाऊन येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अग्नी मीच दिला. दुपारी ज्यानं मला हात ताठ कर म्हणून झापलं होतं, तो माझ्यासमोर जळत होता आणि माझ्या डोक्यात ते शिरतच नव्हतं. अजून नीट शिरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खोलीत गेलो. पान दोरीवर तसंच. हवालदार आभाळात, हात ताठ. खालचा कोपरा रिकामा.

ही माझ्यामागं उभी होती. रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "नाव राहिलं भावजींचं. तुम्ही घाला."

"माझं अक्षर बघितलंयस?"

"मला तेही येत नाही. घाला तुम्ही."

मी ब्रश शाईत बुडवला. पण मला बारीक काढता येत नाही. चौथीपर्यंतची शाळा, त्यानंतर हातात पेन्सिल नाही. त्या कोपऱ्यात माझा एक 'वा'सुद्धा मावला नसता. पानावर मोठी मोकळी जागा एकच होती, हवालदाराची छाती. मी तिथं लिहिलं. वामन घाग. अक्षरं बटणांवर गेली, पट्ट्यात घुसली, 'ग'ची उभी रेघ तर दंडावर चढली.

कारखान्याला दांडी मारून मी कॅम्पात गेलो. साईंनं मला पाहिलं, मागं पाहिलं. "पेंटर कहाँ?"

"पेंटर गेला. काल."

"क्या बोलता है! शनिवार को तो यहीं बैठा था." तो स्टुलावर बसला. माझ्या हातातलं पान घेऊन त्यानं उलगडलं. "ये किसने लिखा? कोने में होता तो मैं निकाल देता. ये तो लकीरों में घुस गया, भाई. खुरचूँगा तो हवालदार की छाती जाएगी."

"मग खरवडू नका."

"एडिटर पूछेगा."

"सांगा, पेंटर मेला. त्याच्या माणसानं लिहिलंय."

साईंच्या हातात खरवडायचं हत्यार होतं, सवयीनं उचललेलं. त्यानं ते पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. मग कामाला लागला. मी बाकड्यावर बसून राहिलो. तेजाबाचा वास नाकातोंडात जात होता, तरी उठलो नाही. ब्लॉक ठोकळ्यावर ठोकून त्यानं माझ्यासमोर धरला. अक्षरं उलटी होती. मी बोटानं चाचपली, सगळी होती.

साईं म्हणाला, "लड़का ले जाएगा कल्याण, प्रेस में."

"नको," मी म्हटलं. ब्लॉक खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि कल्याणच्या रस्त्याला लागलो.